घार मारली आणि उंदीर पोसला
(शिकारी पक्ष्यांच्या इनामाची जुनी गोष्ट आणि आपल्या शेताचा हिशेब)



अंगणात कोंबडी पिलांना घेऊन चरत असते. वरून सावली फिरते, कोंबडी ओरडते, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शिक्रा नाहीतर घार एक पिलू उचलून नेते. घरची लक्ष्मी हातातले काम टाकून धावते, पण उपयोग काय? बारा पिलांची अकरा झालेली असतात. अशा वेळी कोणालाही राग येणारच. मग कोणी गोफण काढतो, कोणी मेलेल्या कोंबडीत विष घालून बांधावर ठेवतो, कोणी झाडावरचे घरटेच पाडतो.

राग खरा आहे आणि नुकसानही खरे आहे. त्याला आम्ही खोटे म्हणणार नाही. पण याच रागाच्या भरात परमुलखातल्या लोकांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी काय केले आणि शेवटी त्याचे बिल कोणाच्या नावावर फाटले, ती हकिगत एकदा ऐकून घ्या. मग बांधावर विष ठेवायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

साहेबाची शिकार आणि राखणदाराचा चाप

इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ माळांवर ग्राऊज नावाचा पक्षी असतो. आपल्या तित्तराच्याच कुळातला, अंगाने थोडा मोठा, हेदर नावाच्या झुडपाचे कोंब खाऊन राहणारा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या जमीनदारांना या पक्ष्याच्या शिकारीचा भारी शौक जडला. रेल्वे झाली, मागून काडतूस भरायच्या बंदुका निघाल्या आणि १२ ऑगस्टला हंगाम सुरू झाला की लंडनची बडी मंडळी उत्तरेकडे निघू लागली. एका दिवसात किती पक्षी पाडले यावर जमीनदाराची प्रतिष्ठा आणि माळाचे भाडे ठरू लागले.

म्हणजे ग्राऊज हे एक पीकच झाले म्हणा ना! आणि पीक म्हटले की राखण आली. जमीनदारांनी पगारी राखणदार ठेवले. १९११ च्या सुमारास ब्रिटनमध्ये अशा राखणदारांची संख्या वीस हजारांच्या वर होती. त्यांना सांगितलेले काम सोपे होते. वाकडी चोच आणि अणकुचीदार नखे दिसली की मारायचे. गरुड, ससाणा, घार, घुबड, सगळे एका माळेचे मणी.

मारण्याची रीतही ऐकून ठेवा. उघड्या माळावर शिकारी पक्ष्याला बसायला उंच जागा लागते. राखणदार एक खांब रोवी आणि त्याच्या टोकावर लोखंडी चाप बसवी. पक्षी टेकला की पाय चापात. तासन् तास तो उलटा लोंबकळत राही. हा प्रकार इतका क्रूर होता की १९०४ साली ब्रिटनमध्ये कायदा करून खांबावरचा चाप बंद करावा लागला. हा खांब लक्षात ठेवा बरं का, लेखाच्या शेवटी त्याची गरज लागणार आहे.

स्कॉटलंडमधल्या ग्लेनगॅरी या जहागिरीतली १८३७ ते १८४० या काळातली मारलेल्या जनावरांची यादी प्रसिद्ध आहे. तीत २७५ घारी आहेत, केस्ट्रेल नावाचे ४६२ लहान ससाणे आहेत, मासे खाऊन जगणारे १८ गरुडही आहेत. काही अभ्यासक या यादीतल्या आकड्यांवर शंका घेतात, ते असो. पण यादी करणाऱ्याची नजर कशी होती ते त्यातून कळते. केस्ट्रेल मुख्यतः उंदीर खातो. मासेमार गरुडाचा आणि ग्राऊजचा काही संबंधच नाही. तरी दोघेही आरोपी!

परिणाम काय झाला? लाल घार इंग्लंड-स्कॉटलंडमधून एकोणिसाव्या शतकातच नाहीशी झाली. पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड १९१८ पर्यंत सगळ्या ब्रिटनमधून संपला. पुढे १९७५ पासून नॉर्वेतून गरुडाची पिले आणून सोडावी लागली आणि १९८९ पासून घारीही बाहेरून आणाव्या लागल्या. आजोबांनी इनाम देऊन मारले, नातवाने पैसे मोजून परत आणले.

ग्राऊज मरत होते ते कशाने?

आता तुम्ही म्हणाल, निदान ग्राऊज तरी वाढले असतील. तर इथेच गंमत आहे. शिकारी पक्षी जवळजवळ संपले तरी दर काही वर्षांनी ग्राऊजची मर लागतच राहिली. माळावर मेलेल्या पक्ष्यांचा सडा पडायचा. शेवटी चौकशी समिती नेमली गेली. तीत एडवर्ड विल्सन नावाचे डॉक्टर होते. पुढे दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉटबरोबर जे बर्फात मरण पावले, तेच हे विल्सन. त्यांनी शेकडो मेलेले ग्राऊज फाडून पाहिले. १९११ साली अहवाल निघाला. मरीचे मुख्य कारण ग्राऊजच्या आतड्यात निघाले. तिथे दोऱ्यासारखे बारीक कृमी होते.

आपल्या मेंढपाळ बंधूंना हे लगेच उमगेल. एका कुरणात वाजवीपेक्षा जास्त मेंढ्या कोंडल्या की लेंडीतून जंत पसरतात, तसेच हे. पक्षी दाट झाले, विष्ठेतून कृमी हेदरच्या कोंबावर आले आणि तोच कोंब दुसऱ्याने खाल्ला. पुढच्या काळात इंग्लंडमध्ये झालेल्या अभ्यासात असेही दिसले, की शिकारी प्राण्यांच्या तोंडी पडलेल्या ग्राऊजमध्ये बंदुकीने पडलेल्या ग्राऊजपेक्षा कृमी जास्त होते. म्हणजे शिकारी जनावर बहुधा आधी रोगट पक्षी वेचते. कळपातले आजारी जनावर आपण वेगळे बांधतो ना? रानात ते काम कोण करणार?

पेनसिल्व्हेनियाचे इनाम आणि शेतकऱ्याचा खिसा

ही झाली जमीनदारांची गोष्ट. आता शेतकऱ्यांची ऐका. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया नावाचे राज्य आहे, मका, गहू आणि फळबागांचे. तिथल्या सरकारने १८८५ साली एक कायदा केला. लोक त्याला मुंडक्यांचा कायदा म्हणत. ससाणा, घुबड, मुंगसासारखा वीझल नावाचा प्राणी यांपैकी काहीही मारून मुंडके आणून दाखवा, दर मुंडक्याला ५० सेंट रोख घेऊन जा. शिवाय कागद करणाऱ्या अधिकाऱ्याला २० सेंट. हेतू चांगलाच होता. शेतकऱ्याच्या कोंबड्या वाचाव्यात आणि रानातले शिकारीचे पक्षीही वाढावेत.

बंदुका बाहेर पडल्या. पोती भरभरून मुंडकी आली. कोणते मुंडके कोणत्या पक्ष्याचे, हे अधिकाऱ्याला कुठे ठाऊक? कोंबडीचे मुंडके ससाण्याचे म्हणून खपले. ज्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी हा सगळा खटाटोप, त्या तित्तराच्या कुळातल्या पक्ष्यांच्या मुंडक्यांवरही इनाम उचलले गेले. सरकारी पैसा वाटायला निघाला की काय होते, ते आपल्याला नवीन नाही.

दीड वर्ष गेले. मग सरकारच्या शेतीखात्यातले प्राणिशास्त्रज्ञ डॉ. मेरियम यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तो असा :

एक : दीड वर्षात इनामापोटी गेले सुमारे ९०,००० डॉलर. म्हणजे १,२८,५७१ जीव मारले गेले, आणि त्यात बहुतेक ससाणे आणि घुबडे.

दोन : ससाणे-घुबडे राज्यात वर्षाला ५,००० कोंबड्या नेतात असे धरू. एका कोंबडीची किंमत २५ सेंट. दीड वर्षाचे नुकसान झाले १,८७५ डॉलर.

तीन : म्हणजे १,८७५ डॉलर वाचवायला ९०,००० डॉलर घातले. आणि हा पैसा कोणाचा? कर भरणाऱ्याचा, म्हणजे पुन्हा शेतकऱ्याचाच.

चार : एक ससाणा किंवा घुबड वर्षाला निदान हजार उंदीर किंवा तेवढ्या तोलाचे किडे खाते असे धरा. एक उंदीर वर्षाला २ सेंटचे धान्य नासतो असे धरा. म्हणजे एका पक्ष्यामागे वर्षाला २० डॉलर, दीड वर्षाला ३० डॉलर. १,२८,५७१ गुणिले ३० केले तर ३८,५७,१३० डॉलर.

अडतीस लाख डॉलरचे नुकसान करून घ्यायचे आणि वर नव्वद हजारांचे इनाम द्यायचे. आमच्याकडे म्हणतात तसे, हातचे सोडून पळत्याच्या पाठी.

आता चिकित्सक वाचक विचारील, हजार उंदीर आणि २ सेंट हे आकडे मोजले कोणी? बरोबर आहे. ते अंदाजच होते. पण समजा मेरियम साहेबांचा अंदाज दहापट फुगवलेला होता. तरी तोटा ३,८५,७१३ डॉलर उरतो आणि वाचले ते १,८७५ च. हिशेब कसाही फिरवा, उंदराचे पारडे जडच राहते. पेनसिल्व्हेनियाने तो कायदा १८८७ साली मागे घेतला.

पुढे शेतीखात्यातले डॉ. फिशर यांनी १८९३ साली अंदाज बाजूला ठेवून पुरावाच समोर मांडला. ससाणे आणि घुबडे यांची सुमारे २,७०० पोटे उघडून त्यांत काय आहे ते तपासले. उंदीर आणि तसलेच लहान प्राणी भरपूर, नाकतोडे आणि इतर किडे भरपूर, कोंबडी किंवा शिकारीचा पक्षी मात्र अगदी थोड्या पोटांत. आणि जे थोडे निघाले, तेही मोजक्याच जातींच्या पोटात. म्हणजे दोन-तीन जातींच्या चुकीसाठी सगळ्या गावाला फाशी, असा प्रकार झाला होता.

पण एकदा शिकलेला धडा माणूस विसरतो. १९२९ साली त्याच पेनसिल्व्हेनियाने गोशॉक या मोठ्या ससाण्यावर ५ डॉलर इनाम लावले. तिथे एक डोंगररांग आहे. तिच्यावरून पावसाळी ढगांसारखे ससाण्यांचे थवे दर हिवाळ्याआधी दक्षिणेला जातात. लोक डोंगरमाथ्यावर बसून बंदुका झाडू लागले. पाच डॉलरच्या आशेने एक गोशॉक, तर नुसत्या हौसेने इतर शेकडो. शेवटी १९३४ साली रोझाली एज नावाच्या बाईंनी तो सुमारे १,४०० एकरांचा डोंगर भाड्याने घेतला आणि राखणदार बसवला. हा राखणदार पक्षी मारीत नसे, मोजत असे. त्याच मोजणीतून पुढे कळले की डीडीटीसारख्या औषधांमुळे गरुडांची पिले कमी होत आहेत. रेचल कार्सन बाईंच्या १९६२ च्या पुस्तकात त्या मोजणीचा आधार घेतलेला आहे.

दुसरी बाजूही ऐका

आतापर्यंतचे वाचून कोणी म्हणेल, हे लोक शिकारी पक्ष्यांची नुसती तारीफ करतात. तसे नाही. न्याय करायचा तर दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत.

स्कॉटलंडमध्ये लँगहोम नावाचा ग्राऊजचा माळ आहे. तिथे १९९२ ते १९९७ अशी पाच-सहा वर्षे एक प्रयोग झाला. शिकारी पक्ष्यांना कोणीही हात लावायचा नाही, फक्त नोंद ठेवायची. तिथला मुख्य शिकारी पक्षी म्हणजे हॅरियर. आपल्याकडचे पक्षीनिरीक्षक या जातीला भोवत्या म्हणतात. शेताला भोवऱ्या घालीत खालून उडतो तो. त्याच्या दोन माद्यांच्या वीस झाल्या. आणि त्यांनी खरेच ग्राऊजची पुष्कळ पिले नेली, इतकी की शरद ऋतूत शिकारीला पुरेसे पक्षीच उरेनात आणि शिकार बंद करावी लागली. राखणदारांची तक्रार अगदीच खोटी नव्हती, हे शास्त्रज्ञांनी मान्य केले.

पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. इतके भोवते आले कशाला? उत्तर जमिनीत सापडले. १९४८ ते १९८८ या चाळीस वर्षांत त्या माळावरचे जवळजवळ निम्मे हेदर मेंढ्यांच्या जादा चराईने गेले होते. त्या जागी गवत वाढले. गवतात उंदीर आणि लहान चिमण्या वाढल्या. त्यांच्या मागे भोवते आले आणि जाता-येता ग्राऊजची पिले उचलू लागले. ग्राऊज तर त्याआधी कितीतरी वर्षे कमी होत आलेच होते. म्हणजे घरातला वासा किडला होता आणि दोष पाहुण्याला.

मग १९९८ आणि १९९९ साली त्यांनी एक युक्ती केली. भोवत्याच्या घरट्यांजवळ खांब रोवले आणि त्यावर मेलेले उंदीर आणि कोंबडीची टाकाऊ पिले ठेवली. पोट भरले तसे भोवत्यांनी ग्राऊजची पिले नेणे पुष्कळच कमी केले. तरीही ग्राऊजची संख्या अपेक्षेइतकी चढली नाही, कारण मूळ दुखणे माळाचे होते. आणखी एक : शिकार बंद झाल्यावर राखणदार गेले, कोल्हे मोकाट झाले आणि मग जमिनीवर घरटे करणारे भोवतेसुद्धा घटले. बंधूंनो, रानाची घडी अशी एकात एक अडकलेली असते. एक धागा ओढला की दुसरीकडे सुरकुती पडते.

आता आपल्या बांधावर येऊ

तो लँगहोमचा भोवत्या परका वाटला असेल. पण त्याचे भाऊबंद दर हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्या दख्खनच्या माळांवर उतरतात. ज्वारी-हरभऱ्यावरून संथ घिरट्या घालतात आणि नाकतोडे, टोळ, उंदीर टिपतात. कापशी घार तारेवर बसलेली तुम्ही रोज पाहता. पांढरी-राखी, लाल डोळ्यांची. तिचे मुख्य खाणे उंदीर. आणि रात्रपाळीला असते गव्हाणी घुबड.

या घुबडाला आपण किती बदनाम केले आहे! घरावर बसले तर अशुभ, ओरडले तर मरण. पण पाहा, लक्ष्मीचे वाहन कोण? ज्याच्या कणगीत उंदीर नाही त्याच्या घरी लक्ष्मी टिकते, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. डॉ. फिशरना पोटे फाडावी लागली, तुम्हाला काही मारावे लागणार नाही. घुबड न पचलेली हाडे आणि केस गोळा करून तोंडावाटे गोळी टाकते. जुन्या वाड्यात, विहिरीच्या कपारीखाली, वडाच्या ढोलीखाली अशा करड्या गोळ्या पडलेल्या असतात. आठ-दहा गोळ्या काठीने गोळा करा, पाण्यात भिजवा, काडीने सोडवा आणि कवट्या मोजा. शाळेतल्या पोरांना हे काम द्या, आवडीने करतील. किती उंदीर, किती पाखरे, हे पोरेच तुम्हाला सांगतील. नंतर हात साबणाने धुवायला विसरू नका.

तर मग करायचे काय?

१. पिलांची राखण आधी. पहिले सहा-आठ आठवडे पिलांना मोकळे सोडू नका. डालग्याखाली किंवा वरून जाळी लावलेल्या खुराड्यात ठेवा. चरायला सोडाल तिथे तुरीची, शेवरीची किंवा एखाद्या झुडपाची आडोशाची जागा असू द्या. घार उघड्यावर झडप घालते, आडोशात शिरत नाही. शिवाय प्रत्येक पिलू घारीनेच नेले असे धरू नका. मांजर, मुंगूस आणि कावळाही त्यात भागीदार असतात.

२. विषारी आमिष बांधावर ठेवू नका. ते घारीसाठी ठेवले तरी कुत्रे खाते, मांजर खाते. एखादे दिवशी पोराच्या हातालाही लागेल.

३. उंदरांसाठी औषध वापराल तर बिळात घालून बीळ बुजवा. सकाळी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. विष खाऊन अर्धमेला झालेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही जाते, आणि पुढच्या हंगामात उंदीर तुमच्या एकट्याच्या गळ्यात पडतात.

४. पक्षीथांबे रोवा. इंग्रजी टी अक्षरासारखी, आडवी काठी बांधलेली लाकडे पिकाच्या उंचीपेक्षा वर राहतील अशी शेतात ठिकठिकाणी लावा. दिवसा त्यावर कोतवाल आणि साळुंकी बसून घाटेअळी टिपतील, रात्री घुबड बसून उंदीर धरील. पीक पक्व झाल्यावर दाणे खाणारी पाखरे येऊ लागली तर थांबे काढून घ्या.

५. जुनी ढोलीची झाडे राखा. बांधावरचा एखादा वड, चिंच किंवा आंबा तोडण्यापूर्वी आत कोणी बिऱ्हाड केले आहे का ते पाहा.

६. तित्तर आणि लावा वाढावेत असे वाटत असेल तर बांध जाळू नका. गवताची एक पट्टी तरी राखा. लपायला गवत असले की पक्षी आपले रक्षण आपण करतो. गवत नसेल तर गावच्या सगळ्या घारी मारल्या तरी तित्तर वाढणार नाही.

कायद्याचेही सांगून ठेवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे घुबड, ससाणा, गरुड यांना मारणे किंवा पकडणे गुन्हा आहे. तित्तर-लावा मारणेही आज बंद आहे. अमावस्येच्या नावाखाली कोणी घुबड मागायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा आणि वनखात्याला कळवा.

शेवटी त्या खांबाची आठवण. एके काळी माणसाने शेतात खांब रोवला आणि त्यावर चाप लावला. त्याचाच उंदीर वाढला. नंतर त्याच खांबावर त्याने खाणे ठेवले. आणि आज आपण तोच खांब आडवी काठी बांधून नुसता उभा करतो. त्याला पैसा लागत नाही, औषध लागत नाही. संध्याकाळी बांधावरून घरी जाताना वळून पाहा. काठीवर पांढऱ्या तोंडाचा राखणदार बसला असेल, तर समजा, आज रात्री शेताची काळजी करायला कोणीतरी आहे. तो पगार मागत नाही. फक्त त्याला दगड मारू नका.